‘लो-फॅट’च्या शिक्क्याला अनावृत पत्र

‘लो-फॅट’ हा शिक्का,
मुक्काम : दुकानातल्या फ्रीजचा डोळ्यांसमोरचा कप्पा

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची आपली रीत आहे. तुझ्यासाठी ती मी मोडतो. तू आमच्या स्वयंपाकघरात शिरलास, श्रीखंड रवाळ केलंस, पनीर चिवट केलंस, करंजी कडक केलीस, आणि हे सगळं आमच्या हृदयाच्या काळजीपोटी करतोयस असं डब्याच्या दर्शनी बाजूला छापून घेतलंस. तुला नमस्कार कसला? तुला चारचौघांत जाब विचारायचा आहे, म्हणून हे पत्र पाकिटात घातलेलं नाही.

तुझ्या बाजूने जे खरं आहे ते आधी सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तुला पळवाट नको. एक ग्रॅम स्निग्धांशातून 9 कॅलरी मिळतात. एक ग्रॅम पिष्टातून किंवा प्रथिनातून 4. दिवसभराच्या एकूण ऊर्जेत संपृक्त स्निग्धांशाचा वाटा 10 टक्क्यांच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तूप, लोणी, साय, खोबरं यांतला बराचसा स्निग्धांश संपृक्तच असतो. हृदयविकार आमच्याकडे गल्लोगल्ली आहे, आणि ज्यांना डॉक्टरांनी तूप-तेल मोजून खायला सांगितलं आहे त्यांनी ते मोजूनच खावं. माझं भांडण डॉक्टरांशी नाही. डॉक्टर म्हणाले, ‘कमी खा.’ तू त्याचं ‘हे विकत घ्या आणि बिनघोर खा’ असं करून टाकलंस. भांडण तिथे आहे.

तुझी कायदेशीर लायकी किती ते लोकांना कळू दे. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने जाहिराती आणि दाव्यांबद्दल 2018 साली नियम केले. त्यांनुसार 100 ग्रॅम घन पदार्थात स्निग्धांश 3 ग्रॅमपेक्षा जास्त नसला, किंवा 100 मिलिलिटर द्रवात दीड ग्रॅमपेक्षा जास्त नसला, की तू डब्यावर बसू शकतोस. ‘फॅट-फ्री’ म्हणवून घ्यायला ही मर्यादा अर्ध्या ग्रॅमची आहे. बस्स, एवढंच. तुझी सगळी परीक्षा एकाच विषयाची. डब्यात साखर किती, स्टार्च किती, घट्टपणासाठी डिंक कोणता, यावर तुला कोणी प्रश्न विचारत नाही. आणि या एका विषयाच्या गुणपत्रिकेवर तू संपूर्ण आरोग्याची पदवी मिरवत फिरतोस.

आता गुढीपाडव्याच्या श्रीखंडाकडे येऊ, कारण तुझा सगळा स्वभाव तिथे उघडा पडतो. म्हशीच्या सायीसकट दुधाला विरजण लावलं, दही फडक्यात बांधून रात्रभर टांगलं, पाणी निथळून गेलं, की सकाळी मऊ, लोण्याच्या अंगाचा चक्का हाती येतो. प्रथिनांच्या जाळ्यात स्निग्धांशाचे बारीक कण अडकलेले असतात. ते जाळं आवळू देत नाहीत, म्हणून चक्का पुरणयंत्रातून सरसर उतरतो. आंबटपणाची धारही तोच स्निग्धांश बोथट करतो. साय काढलेल्या दुधाचं दही टांगा. पाणी भराभर गळतं, चक्का कमी पडतो आणि जो पडतो तो कोरडा, कणीदार आणि जिभेला झोंबणारा आंबट. मग घरची बाई किंवा बाप्या काय करतो? आंबटपणा मारायला आणखी साखर घालतो. वाटीभर साखर ठरली होती तिथे दीड वाटी जाते. वेलची-जायफळाचा सुगंध स्निग्धांशात विरघळून जिभेवर रेंगाळतो. इथे त्याला रेंगाळायला जागाच नाही, म्हणून वेलचीही वाढते. शेवटी पानात पडतं ते स्निग्धांश कमी आणि साखर जास्त असलेलं, चवीला उणं श्रीखंड. ‘लो-फॅट आहे’ म्हणून ते दुसऱ्यांदा वाढून घेतलं जातं, हे वेगळंच.

हाच तुझा धंदा आहे. तू पदार्थातून एक गोष्ट काढतोस, पदार्थ लंगडा पडतो, आणि त्याला उभं करायला साखर नाहीतर स्टार्च आणतोस. बासुंदीत तेच. डबल टोन्ड दुधात स्निग्धांश दीड टक्का. फुल क्रीम दुधात 6 टक्के. फुल क्रीम दूध मंद आचेवर आटवलं की साय धरते, ती कढईच्या कडेने खरवडून आत मोडायची, आणि त्या सायीच्या पाकळ्यांनीच बासुंदी बासुंदी होते. तुझ्या दुधाला साय नाही, आटून अंग येत नाही. मग त्यात कस्टर्ड पावडर पडते, कॉर्नफ्लोअर पडतं, गोड आटीव दुधाचा डबा फुटतो. पेढ्यातही तेच. खव्याच्या घन भागात किमान 30 टक्के दुधाचा स्निग्धांश असावा, असा आपला कायदा आहे. ती काही लाडाची तरतूद नाही. त्याखाली खवा भुगा होतो आणि तो वळायला पुन्हा साखरच लागते.

पनीरचं काय केलंस ते सांगू? पनीरच्या घन भागात निम्मा तरी स्निग्धांश असावा, असं मानक आहे. दूध नासलं की प्रथिनांची जाळी तयार होते आणि स्निग्धांश तिच्यात मध्ये मध्ये बसून तिला मऊ ठेवतो. तू तो काढलास की जाळी घट्ट आवळते. तुझं पनीर रश्श्यात घातलं की चिवट होतं, तव्यावर टाकलं की कोरडं पडतं. ते गिळवायला लोक रश्श्यात काजूची पेस्ट आणि दोन पळ्या तेल वाढवतात. म्हणजे पनीरमधून काढलेला स्निग्धांश रश्श्यातून परत आला. वाचवलंस काय?

दह्याच्या रश्श्यांचीही तीच गत. सायीच्या दह्यात स्निग्धांश प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही, म्हणून ते आचेला थोडा वेळ टिकतं. तुझं दही गरम कढईत पडलं रे पडलं की फुटतं: वर पिवळट पाणी, खाली गोळ्या. पाहुणे दाराशी आणि मटणाचा रस्सा फाटलेला, ही वेळ तू कितीजणांवर आणली असशील! यावर आमच्या स्वयंपाकाकडे उत्तर आहे आणि ते तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं आहे. ताकाला बेसन लावायचं, मंद आचेवर ठेवायचं, उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं. बेसनातलं पिष्ट प्रथिनांना आवर घालतं आणि कढी फुटत नाही. पण ते ज्ञान वापरून तू डब्यावर दोन ओळी छापल्यास का, की ‘हे दही कढईत थेट घालू नका’? नाही. तुला विक्री हवी, स्वयंपाक नको.

दिवाळीच्या फराळात तर तू सगळ्यात जास्त नासधूस केलीस. करंजीच्या पारीत, शंकरपाळीत, चकलीत मोहन घालतात ते चैनीसाठी नाही. कडकडीत तापवलेलं तूप किंवा तेल पिठावर ओतलं आणि हाताने चोळलं की पिठाच्या कणांवर स्निग्धांशाचं आवरण बसतं. पाणी आत सहज शिरत नाही, गव्हातला चिकटपणा धाग्यांनी जोडला जात नाही आणि तळल्यावर पदार्थ खुसखुशीत होतो. मोहन पुरेसं झालं की नाही हे बघायला वजनकाटा लागत नाही. पीठ मुठीत दाबलं की मुटका वळला पाहिजे. कमी पडलं तर करंजी दातांना आव्हान देते, जास्त झालं तर चकली तेलात विरघळते. इतकं नेमकं माप पिढ्यान्‌पिढ्या हातांनी सांभाळलं. तिथे तू तुझा ‘लो-फॅट स्प्रेड’ घेऊन आलास. साध्या लोण्यात किमान 80 टक्के स्निग्धांश असतो. तुझ्या डब्यात त्याची जागा पाण्याने घेतलेली. पिठात पाणी गेलं की चिकटपणा वाढणारच. ज्या कामासाठी मोहन असतं, नेमकं त्याच्या उलट काम तू केलंस. चिरोट्याचा साटा तर तुझ्यापासून होतच नाही: तूप फेसून त्यात तांदळाची पिठी घातल्याशिवाय पदर सुटत नाहीत, आणि पदर सुटले नाहीत तर त्याला चिरोटा म्हणायचं कशाला?

तेलाशिवाय फोडणी शिकवणाऱ्यांनाही तूच बळ दिलंस. मोहरी कोरड्या कढईतही तडतडेल, पण तिचा, जिऱ्याचा, हिंगाचा वास पातेल्यातल्या डाळीपर्यंत नेणार कोण? ते वास तेलात विरघळतात, पाण्यात नाही. कोल्हापुरी रश्श्यावरची लाल तर्री हा मिरचीचा रंग तेलात उतरल्याचा पुरावा आहे. गाजर, टोमॅटो, पालेभाज्या यांतलं कॅरोटिनही स्निग्धांशासोबतच शरीरात नीट शोषलं जातं. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही तशीच. गाजराच्या कोशिंबिरीवर चमचाभर तेलाची फोडणी घालणाऱ्या आज्यांना हे रसायन ठाऊक नसेल, पण कोशिंबीर अंगी लागावी याची सोय त्यांनी करून ठेवली होती. तू त्या कोशिंबिरीवर ‘फॅट-फ्री ड्रेसिंग’ ओतायला सांगतोस आणि गाजरातलं सोनं वाया घालवतोस.

तुझं घराणंही लोकांना कळायला हवं. 1977 साली अमेरिकेच्या सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या समितीने आपल्या देशाने काय खावं याची उद्दिष्टं मांडली. स्निग्धांश कमी करा, असं तिने सांगितलं. साखर कमी करा, असंही त्याच अहवालात होतं. तुझ्या कारखानदारांनी पहिलं वाक्य मोठ्या अक्षरात छापलं आणि दुसरं गिळलं. 1992 साली नॅबिस्को कंपनीने ‘स्नॅकवेल्स’ नावाची बिस्किटं आणली: स्निग्धांश काढलेला, साखर भरपूर. एका बिस्किटाच्या जागी लोकांनी पुडेच्या पुडे संपवले. 1996 साली ‘ऑलेस्ट्रा’ला मंजुरी मिळाली, म्हणजे शरीरात न शोषला जाणारा बनावट स्निग्धांश. त्याच्या पुड्यावर पोटात मुरडा येण्याची आणि जुलाब होण्याची सूचना छापावी लागत होती. आरोग्याच्या नावाने विकलेल्या वेफर्सवर जुलाबाची सूचना! तेव्हाच तू गाशा गुंडाळायला हवा होतास.

पुढचंही ऐक. 2006 साली अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या पाहणीचा निष्कर्ष छापून आला. सुमारे 49 हजार स्त्रिया, साधारण आठ वर्षं. एका गटाने आहारातला एकूण स्निग्धांश कमी केला, दुसऱ्याने नाही. हृदयविकारात आणि पक्षाघातात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. स्निग्धांश कोणता आणि त्याच्या जागी काय खाल्लं, हे सोडून नुसतं ‘कमी’ या शब्दाला कवटाळून फायदा नाही, हे त्यातून दिसलं. 2016 साली जुनी कागदपत्रं बाहेर आली: 1960च्या दशकात साखर उद्योगाच्या एका संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना पैसे दिले होते. त्यांनी 1967 साली छापलेल्या आढाव्यात साखरेवरचा ठपका सौम्य झाला आणि सगळं खापर स्निग्धांशाच्या डोक्यावर फुटलं. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, ते असं. त्या पखालीवर चिकटवलेलं लेबल म्हणजे तू.

आता तू म्हणशील, मराठी माणसाला कमी स्निग्धांशाचं दूध चालत नाही का? चालतं, आणि मुंबईनेच ते देशाला दिलं. 1946 साली दारा खुरोडी यांनी आरे डेअरीच्या कामात म्हशीच्या घट्ट दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची पावडर घालून स्निग्धांश खाली आणला, दूध वाढवलं, भाव उतरवला आणि त्याला ‘टोन्ड मिल्क’ हे नाव दिलं. पुढे 1963 साली व्हर्गिस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेच आजचं 3 टक्क्यांचं टोन्ड दूध. ते कशासाठी होतं? जास्त घरांना परवडणारं दूध मिळावं म्हणून. त्यात काय घातलं हे लपवलं नाही, आणि स्वस्त केलं ते स्वस्तातच विकलं. तुझं मात्र उलटं: साय काढतोस, ती वेगळी विकतोस आणि साय काढलेल्या मालाला चढा भाव लावतोस. खुरोडींच्या शेजारी उभं राहायची तुझी पात्रता नाही.

तुझ्या आधीपासून आमच्या घरात कमी स्निग्धांशाचे पदार्थ किती होते, ते मोज. विरजण लावलं, दही घुसळलं, लोणी वर आलं, ते कढवून तूप झालं. खाली उरलं ते ताक, स्निग्धांश काढून घेतलेलं. ते आम्ही कढीत घातलं, मठ्ठ्यात घातलं, जेवणाच्या शेवटी भातावर ओतलं. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत स्निग्धांश घालावा लागत नाही. उकडीचे मोदक वाफेवर होतात. फोडणीला चार माणसांच्या आमटीत चमचाभर तेल पुरतं. आणि मग वरण-भातावर एक चमचा साजूक तूप. ते पाच ग्रॅम, म्हणजे 45 कॅलरी. तूप जिथे काम करतं तिथे ठेवायचं, बाकी जेवण साधं. ‘खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी’ असा हट्ट या ताटात कुठेच नाही. तू मात्र भाकरी काढून मैद्याची बिस्किटं आणलीस, ताक काढून फळांच्या चवीचं गोड दही आणलंस, आणि वरण-भातावरच्या त्या एका चमच्याकडे बोट दाखवलंस.

त्या गोड दह्याबद्दलही बोलून घेऊ, कारण ते लहान मुलांच्या डब्यात जातं. साध्या दह्यात 100 ग्रॅममागे दुधाची मूळ साखर असते साधारण 4 ते 5 ग्रॅम. तुझ्या स्ट्रॉबेरीच्या कपावर मागे बारीक अक्षरात घातलेल्या साखरेचा आकडा असतो. तो कोणती आई घाईच्या सकाळी वाचणार? ती पुढचं तुझं नाव वाचते आणि निर्धास्त होते. दोन वर्षांखालच्या बाळांना तर साय काढलेलं दूध देऊच नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे, कारण वाढत्या मेंदूला स्निग्धांश लागतो. पण वजनाची धास्ती तू घराघरांत इतकी पेरलीस की मोठ्यांची पिशवी आणि बाळाची पिशवी एकच झाली. याचा दोष तुझाच.

म्हणून माझा निवाडा ऐक. चहात टोन्ड दूध असू दे, कढी ताकाची असू दे, इडली-धिरडं कमी तेलात असू दे; तिथे स्निग्धांश कमी करून काही बिघडत नाही. श्रीखंड, बासुंदी, पनीर, पेढा, करंजी, चिरोटे यांच्या आसपास तू फिरकायचं नाहीस. ज्याला स्निग्धांश कमी करायचा आहे त्याने हे पदार्थ अस्सल करावेत आणि अर्धी वाटी खावेत. सणाचा पदार्थ सणालाच करावा. तळण तळायचं तर तेल नीट तापवून तळावं, कारण कोमट तेलात पदार्थ तेल पितो. आणि तेच तेल आठवडाभर पुन्हा पुन्हा उकळू नये. हॉटेलवाल्यांसाठी तर वापरलेल्या तेलातल्या घातक संयुगांची 25 टक्क्यांची मर्यादा 1 जुलै 2018पासून कायद्यानेच लागू आहे. हृदयाची काळजी घ्यायची तर ती अशी घेता येते. त्यात तुझी गरज कुठेच पडत नाही.

वाचकहो, शेवटचे चार शब्द तुमच्याशी. हा शिक्का आपण विकत घेतो म्हणून तो जगतो. डबा उचललात की पुढची बाजू वाचू नका, तो उलटा करा. तीन गोष्टी बघा: संपृक्त स्निग्धांश किती, घातलेली साखर किती, आणि घटकांच्या यादीत काय काय आहे. शेजारच्या साध्या डब्याशी ते आकडे ताडून बघा आणि भावही बघा. दह्याच्या डब्यावर दूध, दुधाचे घन पदार्थ आणि विरजण यांच्या पलीकडचं नाव दिसलं, तर तो डबा जिथून उचललात तिथेच परत ठेवा.